तुम्ही विचारलंत म्हणून: आधी हात, मग लेकरू

"काकू, माह्यंच लेकरू हाय ना, मंग मले दारातच कायले थांबोता?"

श्रावण-भादव्यात हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकावा लागतो. विचारणारी सकाळी आठला निंदायला गेलेली असते, संध्याकाळी पाय ओढत येते. ओसरीत तिचं वर्षाचं लेकरू हात पसरून रडत असतं आणि मध्ये मी साबण घेऊन उभी. जीव माझाही तुटतो. पण मी वाट सोडत नाही. ती का, हे एकदा नीट सांगते.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, पऱ्हाटी म्हणजे कपाशी आणि सोयाबीनचं. अंगणवाडीत तीन वर्षांवरची पोरं बसतात, तीही दुपारपर्यंतच. त्याखालची पूर्वी धुऱ्यावर, झाडाला बांधलेल्या झोळीत झोपायची. आता ती माझ्या पाळणाघरात असतात. सध्या नऊ आहेत.

पाळणाघर पाहायला येणारे आधी फरशी पाहतात. फरशी मी पुसतेच, पाण्याचा गुंड झाकते, न्हाणीत बादली भरून ठेवत नाही. पण आमच्याकडची सगळ्यात वाईट घाण डोळ्यांना दिसत नाही. ती म्हणजे पिकावर फवारायचं कीडनाशक. ते वावरातून अंगावर येतं आणि त्याला आपण 'औषध' म्हणतो. पऱ्हाटीला औषध मारलं, औषध संपलं, औषध आणायचं आहे. शब्दच असा, की भीती वाटत नाही. 2017 साली याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20 हून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात होते. ती धडधाकट, कमावती माणसं होती. माझ्याकडची लेकरं आठ-दहा किलोची आहेत, रांगतात आणि दिवसभर बोटं तोंडात घालतात.

माझ्यासमोर घडलेलं सांगते. चार वर्षांपूर्वी एक बाप फवारा मारून तसाच लेकीला घ्यायला आला. पोरगी चौदा महिन्यांची, दात येत होते, हाती लागेल ते चावायची. त्यानं उचलताच तिनं त्याच्या खांद्यावरच्या दुपट्ट्याचा कोपरा तोंडात घेतला. मी पाहिलं. बापलेक दिवसभरानं भेटताहेत, आपण मध्ये काय बोलायचं, म्हणून गप्प राहिले. रात्री तिला उलट्या सुरू झाल्या, लाळ थांबेना, अंग घामानं भिजलं. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "घरी फवारणी चालू आहे का?" तीन दिवसांनी पोरगी घरी आली, बरी झाली. तो ओला कोपरा मात्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. मी बोलायला हवं होतं.

त्यानंतर फाटकाशीच नळ घेतला. नुसतं पाणी पुरत नाही. बरीच औषधं तेलकट असतात, कातडीला धरून बसतात. म्हणून साबण लावून कोपरापर्यंत हात, नखं, तोंड, मान. बाया लुगड्यावर नवऱ्याचा लांब बाह्यांचा शर्ट घालून निंदतात, तो काढून फाटकाबाहेर खिळ्याला. डोक्याचा रुमालही तिथंच. ज्यानं स्वतः पंप पाठीवर घेतला त्यानं घरी जाऊन आंघोळ करावी, कपडे बदलावे, मग यावं. सातपर्यंत मी सांभाळते, त्याचे वेगळे पैसे घेत नाही. बाया म्हणतात, "आम्ही कुठं फवारलं?" पण काल फवारलेल्या ओळींतूनच त्या आज फिरलेल्या असतात, आणि पऱ्हाटी कमरेला लागते.

औषधाची रिकामी बाटली धुवून तीत पाणी किंवा तेल भरून आणलेलं मी घेत नाही. बाटलीवरचा त्रिकोण लाल असला तर विष सगळ्यात जहाल, त्याखाली पिवळा, निळा, हिरवा. लेकराच्या पोटात हिरवाही नको. आणि चुकून गेलंच, तर मिठाचं पाणी पाजून ओकवू नका. 108 ला फोन करा आणि बाटली सोबत न्या, डॉक्टरांना तिच्यावरचं नाव लागतं.

उन्हाळ्यात फवारा नसतो, तेव्हा काळजी कूलरची. पत्र्याचा कूलर, ओली जमीन आणि अनवाणी लेकरू. माझा कूलर खिडकीबाहेर आहे, पाणी भरण्याआधी बटण बंद करून पिनही काढते. आठवड्यातून एकदा टाकी घासून कोरडी करते, कारण डेंग्यूच्या डासाला अंड्यातून उडायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात.

पहिल्या वर्षी फाटकाबाहेर दोन खिळे ठोकले होते, तेही रिकामेच राहायचे. यंदा पोळ्याच्या आधी आमच्या ह्यांनी आठवा ठोकला. त्या पोरीचा बाप आता धाकट्याला घ्यायला येतो. केस ओले, अंगात धुतलेला सदरा. फाटकाशी थांबून आधी मला दोन्ही तळहात दाखवतो, मगच पोराला हाक मारतो.