मुख्याध्यापिकाबाईंना नकार

माझी लेक शाळेत न जाता घरीच शिकते. या घरच्या शाळेची मुख्याध्यापिका मीच आणि शिपाईही मीच. त्यामुळे लेकीचं ट्रान्सक्रिप्टही, म्हणजे विषय आणि मार्कांची अधिकृत नोंद, मीच टाइप केलं, डायनिंग टेबलावर, निवडलेल्या मेथीशेजारी. खाली स्वतःचीच सही ठोकली. मलाच हसू आलं, पण कॉलेजला ते चाललं!

इथे अमेरिकेत, ओहायो राज्यात ‘कॉलेज क्रेडिट प्लस’ नावाची योजना आहे. सातवी ते बारावीची मुलं कॉलेजचे कोर्स घेऊ शकतात, आणि ते मार्क शाळेतही धरतात, कॉलेजातही. घरी शिकणाऱ्यांना फीच्या पैशांसाठी राज्याकडे वेगळा अर्ज करावा लागतो. ती तारीख मी कॅलेंडरवर लाल पेनाने तीनदा गोल केली होती.

सोळाव्या वर्षी लेकीने कॉलेजचा इंग्रजी कॉम्पोझिशन, म्हणजे निबंधलेखनाचा कोर्स घेतला. पहिल्याच निबंधावर शेरा: ‘तुझं म्हणणं नेमकं काय आहे?’ इतकी वर्षं मी ‘छान’ लिहीत आले होते. झोंबलंच जरा.

मग मी कॉलेजात फोन करून मार्क विचारले. गोड आवाजात नकार. १९७४ च्या फर्पा या विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेच्या कायद्याप्रमाणे मूल कॉलेजात शिकू लागलं की, वय काहीही असो, त्याच्या नोंदींवरचा हक्क त्याचाच. मला हवे असतील तर तिची लेखी संमती आणा म्हणे. मी, मुख्याध्यापिका!

लेक शेजारीच पोहे खात होती. “देते गं सही करून. पण रोज उघडून बघायचं नाही हं.”

बरं म्हटलं, आणि तिला कॉलेजात सोडायला गाडीची किल्ली शोधू लागले. लेकीबाईंना अजून लायसन्स नाही.