सिडकोतला मे महिना आणि तयार वॉटर कूलिंग किट

आमचं घर नाशिकच्या सिडकोत, सगळ्यात वरच्या मजल्यावर. मे महिन्यात दुपारी खोली ३४ अंशांच्या खाली येत नाही. मी बंगल्यांची एलिव्हेशन्स (बाहेरून दिसणारं रूप) कॉम्प्युटरवर रेंडर करते, म्हणजे ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर लावलं की प्रोसेसर तासन् तास पूर्ण लोडवर. त्यात माझा रायझन ७ ५८००एक्स मुळातच तापट. त्याची कमाल मर्यादा ९० अंश. तिथे टेकला की स्वतःच स्पीड कमी करतो. साध्या टॉवर कूलरवर (प्रोसेसरवर बसणारा, धातूच्या पात्यांचा आणि फॅनचा) दुपारी तो ९० लाच चिकटलेला असायचा आणि फॅन असा बोंबलायचा की सासूबाई आतून विचारायच्या, "मिक्सर लावलायस का गं?"

शेवटी कॅनडा कॉर्नरवरून २४० मिलिमीटर रेडिएटरचं सीलबंद वॉटर कूलिंग किट आणलं. यात पंप प्रोसेसरवर तापलेलं पाणी रेडिएटरकडे फिरवतो आणि तिथे फॅनच्या हवेने ते निवतं. दुकानदार म्हणाला, "ताई, एसीसारखं गार राहील." कसलं काय! रेडिएटरमधून जाते ती खोलीचीच हवा, मग पाणी खोलीपेक्षा गार होणार कुठून? त्यामुळे कूलर पारखताना नुसता प्रोसेसरचा आकडा बघू नका, खोलीच्या वर किती अंश ते बघा. आणि टेस्ट पाच मिनिटांत उरकू नका. पाणी सावकाश तापतं, त्यामुळे सुरुवातीचे आकडे भलतेच छान दिसतात. माझ्याकडे खोली ३४ असताना अर्ध्या तासाने प्रोसेसर ८० च्या आसपास थांबला. रेंडरचा वेळ थोडासाच वाचला, पण आवाज इतका उतरला की शेजारी बसून क्लायंटशी फोनवर बोलता येतं. मला पैसे वसूल वाटले ते यासाठी.

बसवताना जपायची जागा वेगळीच आहे. माझ्या मदरबोर्डच्या एएम४ सॉकेटमध्ये (प्रोसेसर बसतो ती जागा) पिना प्रोसेसरलाच असतात. थंड मशीनवरचा जुना कूलर सरळ वर ओढला, तर दोघांच्या मध्ये लावलेल्या, सुकलेल्या थर्मल पेस्टला चिकटून प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो. म्हणून आधी थोडा वेळ रेंडर चालवून पेस्ट मऊ करायची, मशीन बंद करून प्लग काढायचा, कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवायचा आणि मगच उचलायचा. रेडिएटर मी कॅबिनेटच्या छताला लावला. किटच्या पाण्यातली हवा वरच जमते, ती पंपात यायला नको. पहिल्यांदा सुरू केल्यावर थोडी गुडगुड ऐकू आली, मग थांबली.

दोन गोष्टी खटकल्या. टॉवरच्या फॅनची हवा आधी मदरबोर्डच्या व्हीआरएमलाही (प्रोसेसरला वीज पुरवणारा, तापणारा भाग) लागायची, ती आता बंद. म्हणून मागचा फॅन थोडा जोरात ठेवलाय. दुसरं, सीलबंद असल्यामुळे पाणी कमी झालं तरी भरता येत नाही, आणि पंप गेला तर सगळंच गेलं. टॉवरचा फॅन बंद पडला, तर थोडक्या पैशांत नवा बसतो.

नुसत्या गेमिंगसाठी कोणी विचारलं, तर मी चांगला टॉवरच घ्या म्हणेन. माझा जुना टॉवर मी विकलेला नाही. डिलिव्हरीच्या आदल्या रात्री पंपाने दगा दिला, तर क्लायंटला काय सांगणार?