मे महिन्यात रेग्युलेटरवर बर्फ

फोन आला तेव्हा मी लालबागच्या एका हॉटेलची गॅस लाईन तपासत होतो. मुलुंडच्या काकू होत्या, जुन्या ओळखीच्या. "दादा, गाडीतली शेगडी पेटवली की ज्योत हातभर वर जाते. पिवळीधमक. आणि रेग्युलेटरवर बर्फासारखं पांढरं धरलंय."

बर्फ म्हटल्यावर मी हातातला पाना खाली ठेवला. शेगडी बंद करा, टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा, गाडीची दारं सताड उघडा, दिवा-पंखा लावू नका, चावी फिरवू नका, सगळ्यांना लांब उभं करा, एवढं सांगितलं आणि करी रोडहून स्लो लोकल पकडली.

टाकीत गॅस द्रव असतो, रेग्युलेटरपर्यंत मात्र त्याची फक्त वाफ यायला हवी. तिथे द्रव पोचला तर तो तिथेच उकळतो, आजूबाजूची उष्णता खेचतो आणि पितळेवर दव गोठतं. एक लिटर द्रवाचा जवळपास २५० लिटर गॅस होतो. तो शेगडीतून बाहेर पडला की ज्योत आवरत नाही.

काका-काकूंनी निवृत्तीनंतर व्हॅनला घर केलंय. पाठीमागे ओटा, बाजूला पलंग. दुसऱ्या दिवशी पहाटे गुहागरला निघायचं होतं, लाडवांचे डबेसुद्धा भरून ठेवले होते. गाडी इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, पाण्याच्या टाकीच्या खड्ड्यालगत. गॅस हवेपेक्षा जड, तो खड्ड्यात, गटारात उतरून बसतो. सुदैवाने वास नव्हता. साबणाचं पाणी लावलं, एकाही जोडावर बुडबुडा नाही.

मग गाडीखाली वाकून पाहिलं. साठ लिटरची टाकी होती, पण मोटारीच्या इंजिनासाठी बनवलेली. इंजिनाला द्रवच लागतो, तो पुढे व्हेपोरायझरमध्ये वाफ होतो. म्हणून त्या टाकीतली नळी थेट तळाशी जाते. तीच टाकी कुणीतरी शेगडीला जोडली होती. वर आतली पातळी दाखवणारा काटाही मेलेला.

"काटा का हलत नाही काका?"

"टाकी जोडून देणारा मुलगा म्हणाला, आतला फ्लोट काढला की जास्त मावतं."

फ्लोट म्हणजे आत द्रवावर तरंगणारा भाग. तोच काटा हलवतो आणि टाकी ८० टक्के भरली की भरणं बंद करतो. वरची २० टक्के जागा द्रवाला फुगायला लागते. मी विचारलं, शेवटचा गॅस कुठे आणि किती भरला? काका जरा थांबले. हायवेच्या कडेला एकाने घरगुती सिलिंडर उलटे करून भरून दिला होता. दोन पूर्ण, तिसऱ्यातला दोनेक किलो. सिलिंडरमधून असा गॅस काढून भरायला कायद्याने बंदी आहे, आणि ती उगाच नाही.

मी तिथेच वहीत हिशोब मांडला. १४.२ किलोचे दोन म्हणजे २८.४, वर दोन, झाले ३०.४ किलो. लिटरला साधारण ५४० ग्रॅम धरले तर ५६ लिटर. भरायला हवे होते फार तर ४८. तापमान २५ अंशांनी वाढलं की हा द्रव सहाएक टक्के फुगतो. ५६ चे साठाच्या अगदी जवळ. डांबराच्या रस्त्यावर दुपारचं ऊन खालून लागलं असतं तर टाकीत वाफेला जागाच उरली नसती. द्रवाने ठासून भरलेल्या टाकीत नंतरच्या एकेका अंशाला दाब भराभर चढतो. काकांनी वही हातात घेतली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मला त्यांचा राग आला नव्हता. ज्याने फ्लोट काढून दिला त्याचा आजही येतो.

इंजिन सुरू न करता सोसायटीतल्या पाच जणांनी गाडी ढकलत आंब्याच्या सावलीत नेली. टाकीवर ओली गोणपाटं टाकली, काकू दर दहा मिनिटांनी त्यावर पाणी मारत होत्या. ऑटो एलपीजीचं अधिकृत काम करणाऱ्या वर्कशॉपची माणसं संध्याकाळी आली, गाडी टो करून मोकळ्या यार्डात नेली, टाकी तिथे रिकामी करून उतरवली. गुहागर राहिलं.

पुढच्या आठवड्यात मी टाकीच्या जागी पत्र्याची पेटी बसवली. दार बाहेरून उघडणारं, आतल्या खोलीकडून पूर्ण बंद, तळाला थेट बाहेर उघडणारं भोक, चुकून गळलाच तर गॅस खाली निघून जावा म्हणून. आत पाच किलोचे दोन सिलिंडर, पट्ट्याने आवळलेले. आता भरायचं काही नाही, रिकामा देऊन सीलबंद घ्यायचा, घेताना वजन करायचं. कडीजवळच्या पट्टीवरचं अक्षर वाचायलाही काकूंना शिकवलं: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, असं डीपर्यंत, पुढे वर्ष. ती तपासणीची मुदत. उलटून गेलेली असेल तर सिलिंडर परत करायचा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात गुहागरहून काकांचा फोन आला. नवा सिलिंडर पेटीत जरा उंच पडतोय, आडवा ठेवला तर चालेल का? आडवा केला की व्हॉल्व्हपाशी पुन्हा द्रवच येणार. मी म्हटलं, "नाही काका. उभाच. पेटीची वरची पट्टी दोन बोटं वर घ्या, मी फोन धरून थांबतो."