गाडी बंद करायला शिकतेय

मागच्या दिवाळीच्या आसपासची गोष्ट. ऑफिसमधून आले, चप्पल काढली, पर्स सोफ्यावर टाकली, तेवढ्यात किचनमध्ये कुकरची शिट्टी झाली आणि मी लेकीवर ओरडले. साधं नाही, किंचाळलेच. तिने काहीही केलं नव्हतं, बिचारी डायनिंग टेबलवर बसून भूगोलाचा नकाशा रंगवत होती. तिचा निळा स्केचपेन कागदावर तसाच टेकलेला राहिला आणि बंगालच्या उपसागरात शाईचा एक मोठा डाग पसरला. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. आई आतल्या खोलीतून आली, गॅस बंद केला, मला पाणी दिलं आणि म्हणाली, "अगं, तू घरी आलीस, पण गाडी काही बंद केलेली नाहीयेस."

तो डाग आणि आईचं ते वाक्य मी अजून विसरलेले नाही.

मी सुदामा नगरला राहते, ऑफिस विजय नगरला. इंदूर माहीत असलेल्याला एवढं सांगितलं तरी पुरे. महूनाका, पुढे पलासिया, मग एलआयजी, आणि प्रत्येक चौराह्यावर तेच, सिग्नल हिरवा व्हायच्या आधीच मागचे हॉर्न सुरू. (आम्ही इंदूरची मराठी माणसं चौकाला चौराहाच म्हणतो, पुण्याची मामेबहीण दर वेळी हसते.) आईचं लहानपण रामबागेतलं, ती सांगते की तेव्हा सायकलवर राजवाड्याला जाऊन भाजी घेऊन परत यायचं म्हणजे काहीच वाटायचं नाही. आता 2011 च्या जनगणनेतच शहराची वस्ती 20 लाखांच्या आसपास होती, त्यानंतर किती वाढलीय ते रोज रस्त्यावर दिसतंच.

शिट्टीच्या त्या प्रकारानंतर मी डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी बीपी घेतलं, 146/94. मग म्हणाल्या, आता पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसा, फोन नको, बोलायचं नाही. परत मोजलं तर 136/86. एवढंच! पाच मिनिटं नुसतं बसण्याने एवढा फरक. त्यांनी समजावलं की असं बसूनच मोजायचं असतं, नाहीतर धावपळीचा आकडा येतो. पण माझ्या डोक्यात वेगळंच चाललं होतं, की म्हणजे माझं शरीर दिवसभर त्या पहिल्या आकड्यावरच राहतंय. आपल्या अंगावर बैल धावून आला तर जे होतं, ॲड्रेनलिन, कॉर्टिसॉल, छाती धडधडणं, हातपाय ताठ, तेच हॉर्नने होतं, फक्त बैल निघून जातो आणि हॉर्न पलासियाला संपला की एलआयजीला परत असतोच. मग घरच्या कुकरची शिट्टीसुद्धा शरीराला हॉर्नच वाटते. लेकीची काय चूक त्यात.

सुरुवातीला सगळे करतात तेच केलं. शनिवार-रविवार मांडूला जाऊन आलो, पाऊस नुकता संपलेला, हिरवंगार, दोन दिवस खरंच छान गेले, आणि परत येताना शहराच्या तोंडाशी एक तास अडकलो तेव्हा माझा जबडा परत आवळलेला. तेव्हा पटलं की पळून जाऊन हे सुटणार नाही, मला इथेच राहायचंय, नोकरी इथे, लेकीची शाळा इथे, आईची सगळी माणसं इथे.

मग श्वासाचं. हे मला आधी अगदीच पुस्तकी वाटायचं, पण डॉक्टरबाईंनी नीट सांगितलं की श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात, म्हणून सोडणं लांबवायचं, चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. आता आपल्याकडे सिग्नलवर आकडे उलटे मोजत असतात ना, 90, 89, 88... पूर्वी मी त्या आकड्यांकडे बघून चिडायचे, आता त्यांच्यावरच मोजते. नव्वद सेकंदांत नऊ श्वास. तोंडावर स्कार्फ बांधलेलाच असतो, कोणाला काही कळत नाही. मागून कोणी "मॅडम, चलो चलो" केलं तर आकडा शून्य झाल्यावरच निघते. पहिले आठ-दहा दिवस काहीच वाटलं नाही, खोटं कशाला सांगू. मग एक दिवस लक्षात आलं की हँडल मी घट्ट धरलेलं नाहीये, बोटं सैल आहेत.

दुसरी गोष्ट बसची. पूर्वी मी भंवरकुआँला गाडी ठेवून आय-बसने जायचे. बीआरटीएस, म्हणजे या बसचा वेगळा राखीव रस्ता, 2013 ला सुरू झाला, निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा, साधारण साडेअकरा किलोमीटर, आणि 2025 मध्ये हायकोर्टाने परवानगी दिल्यावर तो कॉरिडॉर काढायला घेतला. त्यावर इंदूरमध्ये दोन तट आहेत आणि गाडीवाल्यांचा त्रास मलाही समजतो, पण माझ्यापुरतं सांगते, ज्या दिवशी बसने जायचे त्या दिवशी घरी येणारी मी वेगळी असायचे. हात रिकामे, खिडकीतून बाहेर बघायचं, कोणाला ओव्हरटेक करायचं नाही. आताही आठवड्यातून दोनदा सिटी बस धरते, वेळ जास्त लागतो, लागू दे.

आणि तिसरी, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, म्हणजे ऑफिस आणि घर यांच्यामध्ये एक थांबा. संध्याकाळी सरळ घरी जातच नाही. अन्नपूर्णा मंदिरात जाते, दर्शन झालं की बाहेर एका कडेला पंधरा मिनिटं बसते. फोन पर्समध्ये, सोसायटीचा ग्रुप म्यूट. तिथे एक फुलवाल्या मावशी आहेत, त्या आता मला बघितलं की नुसती मान हलवतात, मी पण हलवते. एवढ्या मोठ्या शहरात दिवसभर हजार माणसं अंगावरून जातात आणि एकही आपल्याला ओळखत नाही, त्यात ती एक मान हलते ना, तिने फार बरं वाटतं. मग घरी. आई दार उघडताना माझ्या तोंडाकडे बघते, विचारत काही नाही.

रात्री जेवण झालं की अमीर खाँ साहेबांचं गाणं. आमच्याच इंदूरचे, वडील सारंगीवादक, आणि खाँ साहेबांनी इंदूर घराणं उभं केलं. अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ झुमरा ताल, चौदा मात्रा, आणि दोन मात्रांच्या मध्ये इतकी जागा की मला पहिल्यांदा वाटलं नेट अडकलं. बाबा असताना घरात हे चालायचं तेव्हा मी कंटाळून उठून जायचे. आता वीस मिनिटं दिवा बंद करून ऐकते, समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची वाट बघायची, ती येते तेव्हा येते. ज्या शहरात कोणी तीन सेकंद थांबायला तयार नाही त्याच शहरात हे गाणं वाढलं, याचा मला खूप आधार वाटतो.

पण एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. सगळा ताण आपणच श्वास घेऊन गिळायचा, हे मला मान्य नाही. आमच्या मागे एक मॅरेज गार्डन आहे, लग्नसराईत रात्री साडेअकराला डीजे, खिडकीच्या काचा थरथरतात, आई उशी कानावर धरून बसते. नियम तर 2000 सालापासून आहेत, रहिवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, आणि रात्री 10 नंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. मी दोन वर्षं नुसती चिडत राहिले. मग शेजारच्या काकू आणि वरच्या मजल्यावरचे भैया असे आम्ही तिघं दिवसा, लग्न नसताना, तिथल्या मॅनेजरला भेटायला गेलो. भांडायला नाही, सांगायला. काकूंनी सांगितलं की घरात हार्ट पेशंट आहे. स्पीकरची तोंडं फिरवली त्यांनी, दहाचं अजून पूर्ण जमलेलं नाही, दोनदा पोलिसांना फोनही करावा लागला. तरी नुसतं पडून सहन करण्यापेक्षा काहीतरी केलं याचंच निम्मं ओझं उतरलं. आपण ओला कचरा-सुका कचरा वेगळा करायला शिकलो, 2017 पासून सलग सात वेळा स्वच्छतेत देशात पहिले आलो, कोणाला खरं वाटलं असतं का तेव्हा? मग हॉर्नचंही होईल, मला खरंच वाटतं.

आणि कोणाला यापेक्षा जास्त होत असेल, झोप उडाली असेल, सारखं रडू येत असेल, तर एकटीने ओढत बसू नका गं. टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, कधीही लावा. माझ्या एका मैत्रिणीने लावला होता, आधी तिला लाज वाटत होती.

आता रविवारचं. धार रोडचा सिरपूर तलाव आमच्याकडून जवळच, तरी इतकी वर्षं आम्ही कधी गेलो नव्हतो. 2022 मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला, म्हणजे जगात महत्त्वाच्या मानल्या जाणाऱ्या पाणथळ जागांच्या यादीत तो आला. पण त्याच्या कितीतरी आधीपासून पद्मश्री भालू मोंढे आणि त्यांच्या सोबतच्या लोकांनी त्या तलावासाठी जीव टाकला, म्हणून तो आज आहे. जानेवारीत पहिल्यांदा सकाळी साडेसहाला गेलो, आई शाल गुंडाळून, लेक झोपेत. पाण्यावर काळे पक्षी, कपाळावर पांढरा ठिपका. लेकीने पक्ष्यांच्या पुस्तकात शोधलं आणि ओरडली, "आजी, याचं नाव वारकरी आहे!" आई इतकी खूश झाली. "म्हणजे बुक्क्याऐवजी चंदन लावलंय बघ त्याने," म्हणाली. मग बराच वेळ आम्ही तिघी काहीच बोललो नाही, ते आपले बुडी मारायचे, वर यायचे, परत बुडी. लेकीने घरी आल्यावर वहीत एक वारकरी काढला, आजूबाजूला पाणी म्हणून निळा स्केचपेन.

या रविवारी परत जायचंय. थर्मासमध्ये चहा न्यायचा असं आईने कालच सांगून ठेवलंय.