मावशीसाठी चोवीस अध्याय

३० नोव्हेंबर

मागच्या नाताळात नगरला गेले होते तेव्हा मावशीनं कपाटातून चादर काढायला सांगितली. चादरीखाली शाली निघाल्या. एकूण ७. सगळ्या मीच दिलेल्या, दरवर्षी एक, आणि एकीचीही घडी मोडलेली नव्हती. मी गप्प झाले तसं तिच्या लक्षात आलं. म्हणाली, "बेटा, पांघरायला अंग एकच आहे ना गं माझं."

तिनं ते प्रेमानंच म्हटलं, पण वर्षभर मनातून गेलं नाही. ती शाळेत शिक्षिका होती. गेली तीन वर्षं डोळ्यांच्या पडद्याच्या आजारानं तिला अक्षर दिसत नाही. भाच्यानं फोनवर बायबलचं ऑडिओ लावून दिलंय, ते ती ऐकते. "चांगलं वाचतो तो माणूस," म्हणते, "पण त्याला मध्ये थांब म्हणता येत नाही."

आज कॅम्पात गेले होते. एम. जी. रोडला पाय ठेवायला जागा नव्हती. दोन दुकानांत शाली हातात घेतल्या आणि ठेवून दिल्या. घरी येऊन आईचं जुनं बायबल काढलं. त्यातल्या लूककृत शुभवर्तमानाचे, म्हणजे लूकनं सांगितलेल्या येशूच्या कहाणीचे अध्याय मोजले, २४ आहेत. उद्यापासून २४ डिसेंबरपर्यंत रोज संध्याकाळी सातला फोन करायचा आणि एक अध्याय वाचायचा. तिला विचारलं तर बराच वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "सातला नको, साडेसातला कर. सातला मी देवाजवळ असते."

१ डिसेंबर

पहिलाच अध्याय ८० वचनांचा. "सलाम बेटा, कर सुरुवात," म्हणाली आणि म्हाताऱ्या जखऱ्या याजकाची वाचा गेली तिथेच थांबवलं. म्हातारपणी काही गेलं की माणूस कसा गप्प होतो, यावर दहा मिनिटं बोलली. स्वतःच्या डोळ्यांचा उल्लेख केला नाही.

पुढे येशूची आई मरीया जखऱ्याच्या बायकोकडे, अलीशिबेकडे जाते. मी हा भाग लहानपणापासून ऐकलाय, पण शेवटचं एक वचन कधी नीट ऐकलं नव्हतं: मरीया तिच्याजवळ सुमारे तीन महिने राहिली. उतारवयात दिवस गेलेली बाई आणि तिच्याजवळ जाऊन राहिलेली ही मुलगी. फोन ठेवल्यावर नणंदेची आठवण झाली. तिच्या सासूबाई दीड वर्षं अंथरुणाला आहेत. तिला मी यंदा साडी घेणार होते.

२ डिसेंबर

"बघ, आपल्या लूकच्या हिशेबानं जन्म आजच झाला," मावशी म्हणाली. मग शाळेतल्यासारखा प्रश्न: "मेंढपाळांनी काय आणलं?"

मी म्हटलं, कोकरू. संडेस्कूलच्या नाटकात मी डोक्याला टॉवेल बांधून मेंढपाळ झाले होते, खांद्यावर कापसाचं कोकरू होतं.

"पुन्हा वाच."

वाचलं. कोकरू नाही. सोनं, ऊद आणि गंधरस आणणारे मागी, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी लोक मत्तयाच्या पुस्तकात आहेत. लूकमध्ये ते येतच नाहीत. इथे फक्त रात्रपाळीवरची माणसं घाईनं येतात, गव्हाणीतलं बाळ बघतात आणि त्याच्याविषयी जे ऐकलं ते सांगतात. मरीया ते सगळं मनात साठवून ठेवते. इतकी वर्षं गोठा सजवताना मी मेंढपाळाच्या हातात काहीतरी द्यायचेच, रिकामा हात बरा दिसत नाही म्हणून.

३ डिसेंबर

येशूची वंशावळ. योसेफापासून मागे मागे आदामापर्यंत नुसती नावं. मला वाटलं कंटाळेल. पण तिनं अर्ध्यावर थांबवून आपली वंशावळ सुरू केली. "यात बाया नाहीत, आपल्यात घालू," म्हणाली. तिची आजी राहुरीची. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं कीर्तन तिनं लहानपणी ऐकलेलं, आणि जात्यावर ती त्यांचीच भजनं म्हणायची. १९१९ मध्ये टिळक गेल्याची बातमी आली त्या दिवशी घरात चूल पेटली नाही, हे आजीनं मावशीला सांगितलेलं. आईकडून मी हे कधीच ऐकलं नव्हतं. वहीत ११ बायकांची नावं लिहून घेतली.

१० डिसेंबर

आज करंज्या करायला घेतल्या होत्या. साडेसात झाले तेव्हा सारण तयार, पारी लाटायची बाकी. फोन करून म्हटलं, आज नऊला वाचू का? "चालेल की," म्हणाली, पण आवाज बारीक झाला. मग मीच म्हटलं, नाही, आत्ताच वाचते. हात पुसून बसले, दहावा अध्याय उघडला आणि शेवटाकडे मार्था आली. घरात पाहुणा, तिची नुसती धावपळ, आणि बहीण खुशाल पायाशी बसून ऐकतेय. वाचताना मला पुढचं, मार्थेची कानउघाडणी करणारं वाक्य उच्चारवेना. मावशीला पीठ वाळत असल्याचं मी सांगितलंच नव्हतं. पारी थोडी कडक झाली, करंज्या कमी फुगल्या.

१४ डिसेंबर

कालपासून नणंदेकडे आहे. "वन्सं, दोन दिवस तुम्ही घराबाहेर, मी इथे," असं म्हटल्यावर तिनं आधी चक्क नकार दिला, मग औषधांच्या वेळा चार वेळा समजावल्या आणि साताऱ्याला मैत्रिणीकडे गेली. आज फोन आला, १२ तास झोपले म्हणाली. बाकी काही केलं नाही, फिरली नाही, नुसती झोपली. तिच्या आवाजात इतका हलकेपणा मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकला.

कूस बदलवणं, डायपर, भरवणं हे एकटीनं रोज करणं काय असतं ते दोन दिवसांत हाडांना कळलं. संध्याकाळी वाचन मी त्या आजींच्या पलंगाशेजारी बसून स्पीकरवर केलं. त्या आमच्या धर्माच्या नाहीत. वाचन संपल्यावर डोळे मिटूनच म्हणाल्या, "उद्या आहे का पुढचं?" उद्या उधळ्या पुत्राची गोष्ट आहे, आणि मी उद्या निघणार. नणंदेला विचारलं, ती म्हणाली, मी फोन लावून देत जाईन. म्हणजे आता ऐकणाऱ्या दोघी.

२३ डिसेंबर

सगळीकडे तारे लागलेत, मंडळीची मुलं कॅरल गात घरोघर फिरताहेत, आणि मी वधस्तंभ वाचतेय. काल मावशीला म्हटलं होतं, हे दोन अध्याय सणानंतर वाचू का? "ज्याचा जन्म, त्याचंच मरण आहे. गाळू नकोस." वाचून झाल्यावर आम्ही दोघी फोन न ठेवता तशाच बसलो. तिच्या घड्याळाची टिकटिक मला पुण्यात ऐकू येत होती.

२४ डिसेंबर

शेवटचा अध्याय समोर बसून वाचायचा म्हणून दुपारी नगरला आले. परतीची साडेसहाची बस गाठायची म्हणून चार वाजताच सुरुवात केली.

अम्माऊसच्या वाटेवरचे ते दोघे. सोबत चालणारा पुन्हा उठलेला येशूच, पण त्याला ओळखत नाहीत, तरी म्हणतात, आमच्याबरोबर राहा, दिवस कलला आहे. मग घरात येऊन भाकर मोडणं, आणि त्यांचे डोळे. तिथे माझा आवाज गेला. मावशी समोर बसलेली, माझ्या कानाच्या जरा बाजूला बघत. ते वाक्य तिनंच पुरं केलं. मग पुढचं, त्याच्या पुढचं, अध्याय संपेपर्यंत. एक शब्द चुकली नाही.

"तुला सगळं पाठ आहे?"

"चाळीस वर्षं मुलांना वाचून दाखवलं, पाठ नाही होणार?" मग थोड्या वेळानं, "मला कुणी वाचून दाखवलं नव्हतं."

बाहेर अंधारून आलं होतं. "तुझी बस आहे ना?" तिनं विचारलं. मी घरी फोन केला. सगळे सकाळी इकडेच येतील, नगरच्या उपासनेला. मावशी चहा टाकायला उठली. पातेलं, साखरेचा डबा, लायटर, सगळं हातानं चाचपत शोधत होती. मी जागेवरून उठले नाही, तिला करू दिला.