लाफ्टर, डॉटर आणि आमच्या बाई

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असं समितीचं पत्र आलं आणि शाळेबद्दल किती किती लिहावंसं वाटलं. पण लिहायला बसले की बाईच समोर येतात. त्यांचं नाव लिहीत नाही. आपल्या शाळेत 'इंग्रजीच्या बाई' म्हटलं की त्या एकच.

१९८४. आठवी ब, नदीकडची खोली. आमचं इंग्रजी पाचवीपासूनचं, त्यामुळे मोठ्याने वाचायची पाळी आली की छातीत धडधडायचं. धड्यात 'लाफ्टर' हा शब्द होता. मला 'डॉटर' येत होता, त्याच चालीवर मी 'लॉटर' वाचलं. सगळा वर्ग हसला. मी पुस्तक तोंडासमोर धरून तशीच उभी.

बाई कोणावर ओरडल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर laughter आणि daughter हे दोन्ही शब्द एकाखाली एक लिहिले. "पहिलं अक्षर सोडलं तर काही फरक दिसतो का? हिनं नियमानं वाचलंय. नियम इंग्रजीनं मोडलाय." पूर्वी इंग्रज माणसं त्यातल्या gh या दोन अक्षरांच्या जागी घशातून 'ख'सारखा आवाज काढत; पुढे एका शब्दात त्याचा 'फ' झाला, दुसऱ्यात तो गळूनच गेला, हे त्यांनी आम्हाला स्वतः तो आवाज काढून दाखवलं.

मग म्हणाल्या, "आता तुम्ही कसे कसे हसलात ते बघू." आणि त्या बाकाबाकाने निघाल्या. मुलींच्या रांगेतून आलं ते गिगल. पहिल्या बाकावर ओठ दाबून हसणं झालं ते टिटर. खिडकीजवळचा खो-खो हसला तो गफॉ. कोंबडी कलकलते तसं हसणं म्हणजे कॅकल. स्वतःशीच, समाधानानं, घशातल्या घशात हसणं म्हणजे चकल. चॉर्टल तर लुईस कॅरल या लेखकाने १८७१ साली चक्क तयार केला, चकल आणि नाकातून फुरफुरणारा स्नॉर्ट एकमेकांत मिसळून. शब्द कमी पडला तर माणूस तो घडवू शकतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

शेवटी राहिला स्निगर. दुसऱ्याची फजिती बघून नाकातल्या नाकात हसणं. तो लिहून बाईंनी खडूने त्याखाली रेघ ओढली. मागच्या बाकांकडे पाहिलंसुद्धा नाही. पण मागे एकदम शांतता झाली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "वाच गं पुढे." मी वाचलं.

आज माझं पोट याच शब्दांवर चालतं. गेली अकरा वर्षं मी मराठी मालिका आणि चित्रपटांना इंग्रजी सबटायटल्स लिहिते. कर्णबधिर प्रेक्षकांसाठी आवाजही कंसात लिहावे लागतात: दाराची कडी, कुकरची शिट्टी, हसणं. माणूस समोर असेल तर त्याचा चेहरा दिसतो, तिथे नुसतं 'हसतो' लिहिलं तरी निभतं. पण हसू आतल्या खोलीतून येतं तेव्हा त्या प्रेक्षकाकडे माझ्या एका शब्दाशिवाय काहीच नसतं. चकल की स्निगर, यावर सगळा प्रसंग फिरतो. तिथे माझा हात थांबतो आणि खडूची ती रेघ आठवते.

नदीकडची खोली पाडली, तिथे आता संगणककक्ष आहे. मुलांची सोय झाली, चांगलंच झालं. तरी तो फळा कुणीतरी जपून ठेवायला हवा होता, असं फार वाटतं.

दोन वर्षांपूर्वी बाईंना भेटायला गेले. कामाचं सांगितल्यावर त्यांचे डोळे लहान मुलासारखे चमकले. पहिला प्रश्न विचारला, "खुदकन हसली, याला काय लिहितेस?"

"गिगल, बाई."

त्यांनी मान हलवली. "नाही गं. गिगल लांबत जातं. खुदकन एकदाच होतं आणि संपतं."

चहा निवत होता. आम्ही दोघी एकेक शब्द घेत होतो आणि टाकून देत होतो. बाई, अजून सापडलेला नाही. समारंभाला येते आहे, तेव्हा तुमच्या शेजारी बसून पुन्हा शोधू.