लाँगबोची टोके मी पुढे का वळवतो

तुम्ही विचारलेत म्हणून सविस्तर लिहितो. इंग्लंडमध्ये माझ्या परसातल्या शेडमध्ये मी यू वृक्षाच्या लाकडाची लाँगबो, म्हणजे माणसाच्या उंचीची धनुष्ये, घडवतो. ती बघायला येणारा जवळपास प्रत्येक जण टोकावरून बोट फिरवतो आणि विचारतो, की ही पुढे, म्हणजे लक्ष्याच्या दिशेने, का वळवली आहेत आणि वळवल्यावर याला इंग्लिश लाँगबो म्हणायचे का. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना उलट सरळ धनुष्याचेच नवल वाटते, कारण कॅलेंडरावरच्या श्रीरामाच्या हातात त्यांनी नेहमी दुहेरी वळणाचे धनुष्य पाहिलेले असते.

‘मेरी रोज’ हे इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याचे जहाज १५४५ मध्ये पोर्ट्समथजवळ बुडाले आणि १९८२ मध्ये वर काढले गेले. त्यात मिळालेल्या धनुष्यांपैकी १३७ अखंड आहेत. त्यांच्या टोकांवरच्या शिंगाच्या टोप्या समुद्रात विरून गेल्या आणि टोप्यांखालचे लाकूड तेवढे फिकट राहिले. ही धनुष्ये सर्वसाधारणपणे सरळ घडणीची आहेत, हे मी कोणापासून लपवत नाही. मात्र पंधराव्या शतकातल्या हस्तलिखितांतील युद्धचित्रांत टोके पुढे झुकलेली धनुष्येही दिसतात. चित्रकाराचा हात सैल असू शकतो, म्हणून ती चित्रे मी पुरावा मानत नाही. पण ही कल्पना त्या काळाला परकी नव्हती, एवढे त्यांवरून नक्की म्हणता येते.

वळवण्याचे कारण दोरीत आहे. सरळ धनुष्य पूर्ण ओढत आणले की दोरी आणि टोक यांच्यातला कोन रुंदावत जातो आणि शेवटच्या काही बोटांत ओढ एकदम जड होते. टोक पुढे झुकलेले असेल तर हा कोन आटोक्यात राहतो. शिवाय दोरी चढवतानाच धनुष्य अधिक ताणले गेल्यामुळे ओढ सुरुवातीपासून भरीव लागते. पूर्ण ओढल्यावर हाताला लागणारे शेवटचे वजन तेच, समजा ५० पौंड, ठेवूनही लाकडात जास्त शक्ती साठते. याची किंमतही मोजावी लागते. वळवलेला भाग स्वतः वाकत नाही, त्यामुळे त्याच्या वाट्याचा ताण मधल्या लाकडावर पडतो. आणि टोकालाच सर्वांत वेगाने धावायचे असल्याने तिथे राहिलेले जादा लाकूड मिळालेला लाभ खाऊन टाकते. म्हणून टोक वळवण्यापेक्षा ते बारीक करण्यात माझा अधिक वेळ जातो.

यूमध्ये सालीलगतचे पांढरे लाकूड ताण सोसते आणि गाभ्याचे लालसर लाकूड दाब सोसते, म्हणून पांढरे लाकूड धनुष्याच्या पाठीला, म्हणजे लक्ष्याकडच्या बाजूला, आणि लाल पोटाला, म्हणजे धनुर्धराकडच्या बाजूला, येते. टोक पुढे वळवताना मात्र हा न्याय उलटतो: पाठ दबते आणि पोटाचे तंतू ताणले जाऊन उचकटू पाहतात. त्यासाठी पोटाच्या बाजूने पोलादी पट्टी लावतो. दर इंच जाडीला एक तास या अंदाजाने टोक वाफेवर धरतो, आणि बाहेर काढताच, मनात तीस मोजून होण्याच्या आत, साच्यावर क्लॅम्पने आवळतो. त्या वेळी लाकूड हाताखाली ओल्या चामड्यासारखे लवते. तो क्षण मला या साऱ्या कामात सर्वांत प्रिय आहे. नंतर ते पूर्ण वाळू द्यावेच लागते. एकदा घाई करून मी चौथ्याच दिवशी दोरी चढवली, तेव्हा अर्धे वळण माझ्या डोळ्यांदेखत उलगडले.

त्याहून मोठी चूक मी वळण किंचित तिरके बसवून केली. सरळ टोकाला तेवढा तिरकेपणा खपतो, वळलेल्या टोकाला खपत नाही: दोरी ओढली तशी ती एका कडेला गेली, टोक पिळवटले आणि पांढऱ्या लाकडात बोटभर चीर गेली. तेव्हापासून दोरी अडकवण्याच्या खाचा कापण्याआधी मी मुठीपासून टोकापर्यंत दोरा ताणून बघतो आणि तो मध्यावर येईपर्यंत कानस बाजूला ठेवतो.

आता नावाचे. दोरी चढवल्यावर ती फक्त खाचांशीच टेकत असेल आणि धनुष्य मुठीपासून दोन्हीकडे एकसारखे वाकत असेल, तर त्याला मी निःशंकपणे लाँगबो म्हणतो. दोरी टोकाच्या पोटावर निजू लागली, की ते रिकर्व्ह, म्हणजे वळलेल्या टोकांचे वेगळ्या जातीचे धनुष्य, झाले, आणि तसे मी घेणाऱ्याला पैसे घेण्याआधी सांगतो.